कोणत्या अधिकाराने? : राज्यविचारातील मूलभूत प्रश्नांची तोंडओळख

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

'राजकारण' हा शब्द आपल्याकडे चांगल्या अर्थाने क्वचितच वापरला जातो. दोन जावांचे पटेनासे झाले की 'घरात राजकारण शिरले' असे म्हणतात. पतपेढीची निवडणूक असो वा उत्सवाची वर्गणी, जिथे काही तरी शिजते आहे असा संशय येतो तिथे 'राजकारण आहे' असे म्हणून शहाणी माणसे बाजूला होतात. अशा वातावरणात ज्याने राज्यशास्त्र हा विषय घेतला त्याची अवस्था काय वर्णावी! आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे 'हे शिकून काय इलेक्शनला उभी राहणार?' हा प्रश्न मला जरा अधिकच ऐकावा लागतो. त्या प्रश्नाचे उत्तर थोड्या विस्ताराने द्यावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

निवडणूक कोण जिंकले, ही झाली बातमी. सत्ता कशी मिळते, कशी टिकते, मतदार कसे वागतात, हा राज्यशास्त्राच्या अभ्यासाचा भाग. कायदा काय सांगतो, हे वकिलाला विचारावे. परंतु या तिन्हींच्या खाली आणखी एक प्रश्न असतो : कायदा असा असावा काय? जो आज्ञा देतो त्याला ती देण्याचा हक्क मिळाला कोठून? हा प्रश्न बातमीने सुटत नाही आणि कलम दाखवूनही सुटत नाही. तो विचारानेच सोडवावा लागतो. त्या विचाराला राजकीय तत्त्वज्ञान म्हणतात.

पाठ्यपुस्तक वाचताना असे वाटते की हे प्रश्न अथेन्सला नाही तर पॅरिसला जन्मले आणि तिथेच राहिले. वस्तुतः ते आपल्या वाडीतही आहेत. त्यासाठी एक बावखल समोर ठेवले तरी पुरे.

वसईच्या पश्चिम पट्ट्यातील वाचकांना बावखल म्हणजे काय हे सांगायला नको. परंतु आपल्या महाविद्यालयात नव्या वसाहतींतून येणारे मित्रमैत्रिणीही पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी सांगते. वाडीला लागून पूर्वजांनी खोदलेले गोड्या पाण्याचे तळे म्हणजे बावखल. पावसाचे पाणी त्यात साठते, जमिनीत मुरते, आजूबाजूच्या विहिरींना आधार मिळतो आणि उन्हाळ्यात केळी, पानवेली, भाजीपाला तगून राहतो. बहुतेक बावखले एकाच घराची नसतात. ती भावकीची किंवा आळीची सामाईक असतात.

आमच्या आळीतील बावखल चार घरांचे आहे. तीन घरांचे म्हणणे, ते बुजवावे आणि जागेच्या वाटण्या करून विकावे. चौथे घर आमचे, आणि आमच्याही घरात एकमत नाही. वडिलांना वाटते की विकावे, कारण माझ्या आणि धाकट्या भावाच्या शिक्षणाचा खर्च समोर उभा आहे. आजी म्हणते, ज्या पाण्यावर भाजी पिकवून आपण होळीच्या बाजारात नेली ते विकणारे आपण कोण? पावसाळ्यापूर्वी काय ते ठरायचे आहे.

या एका बावखलाच्या काठावर राज्यविचारातील सगळे मूळ प्रश्न गोळा झालेले दिसतात. तीन घरांनी चौथ्यावर निर्णय लादावा काय? पाणी कोणाचे? आपल्या जागेत हवे ते करण्याची मोकळीक प्रत्येकाला आहे काय? लाभ एकाला आणि तोटा दुसऱ्याला, असे झाले तर त्याला न्याय म्हणावे काय? आणि निर्णय चुकीचा वाटला तर तो मोडता येतो काय? हे पाच प्रश्न आपण एकेक करून पाहू.

आज्ञा का पाळायची?

महाभारताच्या शांतिपर्वात या प्रश्नाला एक उत्तर आहे. राजा नसेल तर मोठा मासा लहान माशाला खातो, म्हणजे मात्स्यन्याय सुरू होतो. त्याला कंटाळून लोकांनी मनूला राजा केले आणि रक्षणाच्या बदल्यात उत्पन्नाचा वाटा देऊ केला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही ही कथा येते. इंग्लंडमधील यादवी युद्ध पाहिलेल्या थॉमस हॉब्ज याने १६५१ मध्ये जवळजवळ हीच गोष्ट निराळ्या रीतीने मांडली : राज्य नसले तर प्रत्येकाला प्रत्येकाची भीती, म्हणून सर्वांनी करार करून एका सत्तेपुढे मान तुकवावी. जॉन लॉकने १६८९ मध्ये त्यात महत्त्वाची दुरुस्ती केली. सत्ता ही ठेव आहे, ज्याने विश्वासघात केला त्याच्याकडून ती काढून घेता येते. रूसो १७६२ मध्ये आणखी पुढे गेला. त्याच्या मते, ज्या कायद्याच्या निर्मितीत आपण स्वतः सहभागी असतो तोच पाळताना माणूस स्वतंत्र राहतो.

तिघांच्याही मुळाशी संमतीची कल्पना आहे. पण ही संमती आपण दिली केव्हा? इ. स. पूर्व ३९९ मध्ये मृत्युदंड झालेला सॉक्रेटिस तुरुंगातून पळून जायला तयार झाला नाही. प्लेटोने त्याचा जो युक्तिवाद दिला आहे त्याचा आशय असा : अथेन्सचे कायदे पटत नसते तर मला शहर सोडून जाता आले असते, सत्तर वर्षे मी येथेच राहिलो, म्हणजे ते मी मान्य केले. यावर डेव्हिड ह्यूमने १७४८ मध्ये उलट सवाल केला. ज्या गरिबाला परकी भाषा येत नाही, ज्याच्या गाठीला पैसा नाही, तो देश सोडून जात नाही म्हणून त्याने संमती दिली असे कसे म्हणावे? झोपेत असताना ज्याला गलबतावर आणले तो समुद्रात उडी टाकत नाही, एवढ्यावरून त्याने तांडेलाचा हुकूम मान्य केला असे ठरत नाही.

आपल्या वसईचा इतिहास ह्यूमच्या बाजूने साक्ष देतो. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वेढा घालून ती जिंकली. १७८० मध्ये इंग्रजांनी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने मराठ्यांना परत केली. पुढे ३१ डिसेंबर १८०२ रोजी येथेच दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला. होळकरांकडून पुण्याजवळ पराभव झाला होता, गादी परत हवी होती. म्हणून त्याने कंपनीची फौज कायमची पदरी घेतली, तिच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला आणि कंपनीला विचारल्याशिवाय दुसऱ्या सत्तांशी व्यवहार न करण्याचे मान्य केले. १८१८ मध्ये पेशवाई संपली. इतिहासाचे अभ्यासक हा तह शहाणपणाचा होता की नाही याची चर्चा करतात. राज्यविचाराचा विद्यार्थी आधी निराळे विचारतो : जे दिले ते देणाऱ्याचे होते काय? या सर्व घडामोडींत ज्यांच्या वाड्या, विहिरी आणि होड्या या मुलखात होत्या त्यांना कोणी एकदाही विचारले नाही.

आता विचारले जाते. आपण मत देतो. पण त्यामुळे प्रश्न संपत नाही. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपालिका आणि भोवतालची गावे एकत्र करून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. अनेक गावांनी विरोध केला; आमची ग्रामपंचायत आम्हाला हवी, असे त्यांचे म्हणणे होते. २०११ मध्ये राज्य शासनाने २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतला, तो न्यायालयात गेला आणि प्रकरण वर्षानुवर्षे लांबले. कोणाची बाजू बरोबर हे सांगणे येथे हेतू नाही. येथे दिसणारी अडचण मात्र ध्यानात घेण्याजोगी आहे. बहुमताने ठरवावे म्हटले, तर बहुमत कोणाचे मोजायचे? सगळ्या शहराचे मोजले तर एक उत्तर येईल, एकेका गावाचे मोजले तर दुसरे. मत कोणी द्यायचे, हे मत घेऊन ठरवता येत नाही. ते आधीच ठरलेले असावे लागते. आमच्या बावखलाचेही तेच. चार मालकांत तीन विरुद्ध एक असा हिशेब होतो. पण ज्या दहा-बारा घरांच्या विहिरी त्या पाण्यावर टिकून आहेत त्यांना मोजले, तर हिशेब बदलतो.

माझे म्हणजे किती माझे?

मालमत्ता कशी निर्माण होते याचे लॉकने दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे. निसर्गाने दिलेल्या वस्तूत माणूस आपले श्रम मिसळतो, म्हणून ती त्याची होते. बावखल खोदणाऱ्या पूर्वजांना हे उत्तर पटले असते. पण लॉकने सोबत एक अटही घातली आहे : इतरांसाठी पुरेसे आणि तितकेच चांगले शिल्लक राहिले पाहिजे. ही अट बहुधा विसरली जाते.

आपल्याकडच्या १८८२ च्या सुखाधिकार अधिनियमानुसार जमिनीच्या मालकाला आपल्या हद्दीत, जमिनीखाली झिरपणारे पाणी काढून वापरण्याचा हक्क आहे. मोटेच्या आणि रहाटाच्या काळात हा हक्क कोणाला खुपला नसावा, कारण रहाट किती ओढणार? पंप आले, मग टँकर आले. गावातील विहिरींचे पाणी टँकरने शहरी वसाहतींना विकले जाऊ लागले, किनाऱ्यालगतच्या विहिरींत खारे पाणी शिरण्याचे भय निर्माण झाले आणि त्यातून संघर्ष उभा राहिला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालील हरित वसईच्या चळवळीने पाणी आणि हिरवळ यांचा प्रश्न रस्त्यावर आणला. महाराष्ट्रात पिण्याच्या पाण्यासाठी भूजलाचे नियमन करणारा कायदा १९९३ मध्ये झाला आणि पुढे २००९ चा भूजल अधिनियम आला. म्हणजे 'माझ्या जमिनीखालचे ते माझे' या तत्त्वाला मर्यादा घालावी लागली.

या संदर्भात अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेले 'आज्ञापत्र' आठवते. आरमारासाठी लाकूड लागते. आंबा, फणस ही झाडे त्याला उपयोगी पडतात. तरी त्यांना हात लावू नये, असे तेथे बजावले आहे. रयतेने ती झाडे वर्षानुवर्षे लेकरासारखी वाढवली आहेत, ती तोडली तर तिच्या दुःखाला पार नाही, हे त्याचे कारण. झाड अगदीच जुने झाले असेल, तर मालकाला राजी करून, मोल देऊन, संतोषाने घ्यावे. राज्याची गरज खरी असली तरी राज्याला विचारावे लागते, ही जाण राजेशाहीच्या काळातही आपल्याकडे होती, हे अभिमानाने सांगता येईल.

मोकळीक कोणाला?

'माझी जागा, मी बुजवीन नाही तर तशीच ठेवीन' यात स्वातंत्र्याचा आवाज आहे. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये स्वातंत्र्याची जी कसोटी दिली तीही साधी आहे : दुसऱ्याला इजा होत असेल तरच समाजाने माणसाच्या कृतीत हात घालावा. पण इजा कोठवर मोजायची? जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसई-विरार पाण्याखाली गेले, रेल्वे ठप्प झाली. पाणी साठण्याच्या आणि वाहून जाण्याच्या जागा बुजत गेल्या की एकाच्या भरावाचे पाणी दुसऱ्याच्या ओटीवर येते. एकटे बावखल बुजवणारा म्हणेल, माझ्या एकट्याने काय होणार? आणि प्रत्येक जण एकटाच असतो.

स्वातंत्र्याला दुसरीही बाजू आहे. आपल्याच पालघर जिल्ह्याच्या उत्तर भागात, तलासरी-डहाणूकडे, वारल्यांना जमीनदाराकडे वेठबिगार करावी लागत असे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जोडपेच्या जोडपे राबत राही. १९४५ मध्ये किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारली उठले. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक या लढ्याची हकीकत सांगते. त्या कर्जावर वारल्यानेच अंगठा दिलेला असे. पण ज्याच्यापुढे दुसरी वाट नाही त्याच्या होकाराला किती किंमत द्यायची? कोणी अडवत नाही म्हणजे माणूस मोकळा आहे असे नव्हे. निवड करण्याइतके बळही त्याच्यापाशी असावे लागते. माझ्या वडिलांनी फी भरण्यासाठी पाणी विकायला राजी होणे, ही त्यांची खुशी की नाइलाज, असा प्रश्न मला पडतो.

वाटणी कशी व्हावी?

जेरेमी बेंथॅमने पुष्कळांच्या पुष्कळ सुखाचे माप दिले. रस्ते, धरणे, बंदरे यांच्या बाजूने बोलणारे बहुधा याच मापाने बोलतात. डहाणू तालुक्यातील वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. देशाचा व्यापार वाढेल, रोजगार येईल, असे एक बाजू म्हणते. आमची मासेमारी जाईल, असे किनाऱ्यावरचे मच्छीमार म्हणतात. बेरीज-वजाबाकी करून उत्तर काढता येईल, पण ज्याच्या वाट्याला फक्त वजाबाकी आली त्याचे काय? अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्सने १९७१ मध्ये एक युक्ती सुचवली. समाजाचे नियम ठरवताना असे समजा की आपण कोण म्हणून जन्मणार हे आपल्याला ठाऊक नाही : बंदराचा भागीदार की होडीवरचा खलाशी. मग जे नियम तुम्ही मान्य कराल ते न्याय्य. असमानता असलीच, तर ती सर्वांत खालच्या माणसाच्या हिताची असावी.

रॉल्सच्या पुष्कळ आधी, १८८२ मध्ये, महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे हाच प्रश्न शिक्षणाच्या संदर्भात मांडला होता. सरकारी महसूल येतो रयतेच्या घामातून, आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हा कोठला न्याय? आपल्यापैकी ज्यांच्या घरात पदवीचा कागद अजून यायचा आहे त्यांनी हे निवेदन जरूर वाचावे. आपण वर्गात ज्या बाकावर बसतो तो आपल्यापर्यंत कसा आला, हे त्यातून समजते. आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेला इशारा तर सर्वश्रुत आहे : राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीत आपण प्रवेश करीत आहोत, ती लवकर दूर केली नाही तर विषमतेने पोळलेले लोक ही लोकशाहीच उधळून लावतील.

न पटणारा कायदा मोडावा काय?

सॉक्रेटिस नाही म्हणाला. थोरोने १८४९ मध्ये हो म्हटले आणि गांधीजींनी त्याला सामुदायिक शिस्तीचे रूप दिले. महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्राशन केले. येथे मोडला गेला तो कायदा नव्हे, रूढी. तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव नगरपालिकेने आधीच केला होता. मात्र त्याच बाबासाहेबांनी १९४९ च्या भाषणात सांगितले की आता घटनात्मक मार्ग खुले झाले आहेत, तेव्हा सत्याग्रहाचे मार्ग बाजूला ठेवावेत. ही विसंगती नव्हे. त्यांचा निकष एकच आहे : दाद मागण्याचा दरवाजा उघडा आहे काय? दरवाजा कागदावर उघडा पण प्रत्यक्षात बंद असेल तर काय करावे, हा प्रश्न मात्र त्यांनी आपल्यासाठी ठेवला आहे, असे मला वाटते.

कोणी म्हणेल, अडीच हजार वर्षे विचारून ज्यांची उत्तरे एकमताने मिळाली नाहीत ते प्रश्न विचारून लाभ काय? लाभ हाच की, हे प्रश्न ज्याला माहीत नाहीत त्याच्यावर दुसऱ्याचे उत्तर लादले जाते आणि लादले गेल्याचे त्याला कळतही नाही. 'विकासासाठी', 'परंपरा म्हणून', 'बहुमत आहे म्हणून', 'नियमात बसते म्हणून' ही सगळी उत्तरेच आहेत. ती कोणत्या प्रश्नाची आणि कोणी दिलेली, हे पाहण्याची सवय लागली पाहिजे. प्रजा हुकूम ऐकते. नागरिक हुकुमामागचे कारण विचारतो. कारण पटले तर तो हुकूम अधिक निष्ठेने पाळतो, हेही सांगितले पाहिजे.

आमच्या बावखलाबद्दल माझे मत असे झाले आहे. चार घरांचा हक्क खरा आहे, पण तो वापरण्याचा आहे, संपवण्याचा नाही. ज्यांच्या विहिरी त्यावर जगतात त्यांना बैठकीला बोलावल्यावाचून ठराव होऊ नये. आणि पाणी राखायचे ठरले, तर राखण्याचा भार एकट्या गरजू घरावर पडू नये, सर्वांनी तो वाटून घ्यावा. वडिलांना यातील शेवटचा मुद्दा तेवढा पटला आहे. बाकीच्या दोन मुद्द्यांवर आळीची बैठक व्हायची आहे, आणि तिला मीही बसणार आहे.

वाचकांपैकी ज्यांना माझे मत चुकीचे वाटेल त्यांनी ते जरूर खोडून काढावे. फक्त खोडताना कारणे द्यावीत, एवढीच विनंती.